बुऱ्हाणपूरला काय खावे, काय प्यावे?

जळगाव-भुसावळकडची मंडळी बुऱ्हाणपूरला निघाली की एक प्रश्न हमखास विचारतात, "तिथे खायला काय प्रसिद्ध आहे?" उत्तर सोपे आहे. मांडे खा, दराबा खा, मावा जिलेबी खा आणि जमल्यास कुंडी भंडाऱ्याचे पाणी प्या. पण हे चार शब्द सांगून मला समाधान होत नाही. ज्या शहराच्या पाण्यात, दारूत, आंब्यात आणि भाकरीत सहाशे वर्षांचा इतिहास आहे, त्याची ओळख फक्त 'मोगलाई खाण्याचे शहर' एवढीच करून देणे अन्यायाचे आहे. ते मोगलांवरही अन्यायाचे आहे आणि आपल्यावरही.

आपल्यावर म्हणजे खानदेशी माणसांवर. कारण बुऱ्हाणपूर ही आपली जुनी राजधानी. भुसावळहून खंडव्याकडची गाडी धरली की रावेर मागे पडते आणि साधारण तासाभरात बुऱ्हाणपूर येते. मध्ये राज्याची सीमा लागते, ती कळतही नाही. दोन्हीकडे केळीच्या बागा तशाच. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. बुऱ्हाणपूर शिंद्यांकडे राहिले आणि १८६०च्या सुमारास इंग्रजांकडे येऊन मध्य प्रांतातल्या निमाडला जोडले गेले. तेव्हापासून राजधानी एकीकडे आणि तिचा मुलूख दुसरीकडे, अशी ही ताटातूट आहे.

सूफींच्या नावाचे शहर

फारूकी घराण्याची सुरुवात मात्र आजच्या धुळे जिल्ह्यात झाली. शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे थाळनेर मलिक राजा फारूकी याला फिरोजशहा तुघलकाने १३७०मध्ये जहागीर म्हणून दिले. पुढे तो स्वतंत्र झाला, १३९९मध्ये वारला. फारूकींच्या कबरी आजही थाळनेरला आहेत. त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही, ही वेगळी गोष्ट.

त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि इ.स. १४००च्या सुमारास तापीच्या काठावर नवे शहर वसवले. त्याला नाव दिले खुलताबादचे चिश्ती सूफी हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे. नदीच्या पलीकडच्या वस्तीला नाव दिले जैनाबाद, ते त्यांच्या परंपरेतले हजरत जैनुद्दीन शिराझी यांच्यावरून. राजाने राजधानीला स्वतःचे नाव न देता फकिराचे नाव द्यावे, यात श्रद्धा होती आणि राजकारणही होते. पण चिश्ती खानकाहांची एक रीत इथे लक्षात ठेवायला हवी. दारात आलेल्याला आधी जेवण द्यायचे, नाव-गाव नंतर विचारायचे. या शहराच्या खाण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात शाही मुदपाकखान्यापासून न करता तिथूनच करावी लागेल.

याच घराण्यातल्या आदिलशहा फारूकीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. संस्कृत लेखात परमेश्वराला वंदन आहे आणि फारूकींची वंशावळ आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत वाचून काही जण आज चकित होतात. ज्यांनी ते कोरून घेतले त्यांना त्यात नवल वाटले नसावे.

ज्वारीचे कौतुक, तांदळाचा सुगंध

१६०१मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून त्याला 'दानदेश' म्हणायला सुरुवात केली. हे नाव टिकले नाही. पण अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या सुभ्याचे जे वर्णन केले, ते आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने वाचावे असे आहे. तो म्हणतो, इथे मुख्य पीक ज्वारीचे. काही ठिकाणी वर्षाला तीन पिके निघतात आणि तिचे ताट इतके कोवळे, गोड असते की लोक ते फळासारखे खातात. तांदूळ उत्तम, फळे मुबलक, विड्याची पाने भरपूर आणि कापड चांगले विणतात.

आग्र्याच्या दरबारातल्या माणसाने खानदेशच्या ज्वारीचे असे कौतुक केले आहे. आज कळण्याच्या भाकरीला आपण 'गावाकडचे खाणे' म्हणतो आणि बिर्याणीला 'शाही'. या सुभ्याची ओळख बादशहाच्या कारभाऱ्याने ज्वारीवरून करून दिली होती, हे विसरतो.

तांदळाची साक्ष एका फ्रेंच जवाहिऱ्याने दिली आहे. सतराव्या शतकात झां बाप्तिस्त ताव्हर्निए सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. त्याच्या मार्गातले मुक्काम म्हणजे आपल्या एस.टी.चे थांबे वाटावेत: नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. नवापूरच्या तांदळाबद्दल त्याने लिहिले आहे की, त्याचा दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फाहून पांढरा आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले सरदार दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कोणाला भेट पाठवायची तर याचे पोते पाठवतात. म्हणजे मोगल सरदाराच्या ताटातला तो प्रसिद्ध पुलाव नवापूरच्या शेतातून येत होता. तो पिकवणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

दारू पिणारे शहजादे, पाणी देणारा सरदार

आता पिण्याबद्दल. बुऱ्हाणपूरने मोगलांचे दोन शहजादे दारूपायी गमावले. पहिला दानियाल, १६०५मध्ये. त्याची दारू सुटावी म्हणून अकबराच्या हुकमाने पहारे बसवले होते. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, दानियालची एक आवडती बंदूक होती, 'यका-ओ-जनाजा' नावाची. जिच्यावर ती झाडली तो जनाजाच्या बरोबरीचा झाला, असा त्या नावाचा भाव. त्याच बंदुकीच्या नळीतून एका नोकराने त्याच्यासाठी चोरून दारू आणली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याची घाण त्यात मिसळली. ती पिऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही.

दुसरा शहजादा परवेज, १६२६मध्ये. त्याच्या पिण्याचा साक्षीदार इंग्रज वकील सर टॉमस रो. नोव्हेंबर १६१५मध्ये जहांगीरच्या दरबारी जाताना तो बुऱ्हाणपूरला थांबला. सराईतली खोली त्याला भट्टीसारखी वाटली आणि शहरातली बहुतेक घरे मातीची दिसली. परवेजने त्याला खासगी भेटीला बोलावण्याचे कबूल केले होते. रोने नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली होती. ती भेट झालीच नाही, कारण शहजादा त्याच बाटल्या पिऊन बेहोश पडला होता. रोने आणखी एक गोष्ट टिपली आहे. मान शहजाद्याला मिळतो, कारभार मात्र खानखानान पाहतो.

हा खानखानान म्हणजे अब्दुर्रहीम. हिंदीच्या पुस्तकातले कवी रहीम. त्यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, बुऱ्हाणपूरला पाणी पुरवणाऱ्या भुयारी योजनेचे काम झाले. इराणी तज्ज्ञ तबकुतुल अर्ज याचे नाव या कामाशी जोडले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी भुयारांत गोळा करायचे आणि उताराने शहरापर्यंत आणायचे. वर ठराविक अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या, हवा आणि साफसफाईसाठी. पंप नाही, मोट नाही, सगळे काम उताराच्या जोरावर. इराणात याला कनात म्हणतात. औरंगाबादकरांना नहर-ए-अंबरी माहीत आहे. मलिक अंबरची ती योजनाही याच काळातली. रहीम आणि मलिक अंबर रणांगणावर एकमेकांचे शत्रू होते, पण दोघांनीही आपापल्या शहराला जमिनीखालून पाणी दिले.

कुंडी भंडारा आजही पाहता येतो. तिथे गेलात तर वरून फोटो काढून परत फिरू नका. खाली उतरायची सोय सुरू असेल तर उतरा. भिंतीतून झिरपणारे पाणी दिसते, त्यातल्या क्षारांचे थर दगडावर साचलेले दिसतात. बुऱ्हाणपूरला काय प्यावे, या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हेच पाणी आहे. दोन शहजाद्यांची दारू त्यांच्याबरोबर संपली. रहीम यांचे पाणी मोगल गेले, शिंदे गेले, इंग्रज गेले तरी लोक पीत राहिले.

ओठापर्यंत आलेला पेला

दारूची आणखी एक गोष्ट या शहरात सांगतात. ती औरंगजेबाची असल्याने अनेकांना खरी वाटत नाही. १६५३च्या सुमारास दख्खनचा सुभेदार म्हणून तो बुऱ्हाणपूरला आला. जैनाबादच्या आहूखाना बागेत हीराबाई नावाची गायिका आंब्याच्या फांदीला हात घालून फळ तोडत होती. तिला पाहून शहजादा भान हरपला. एक दिवस तिने दारूचा पेला त्याच्यापुढे धरला. त्याने विनवण्या केल्या, ती ऐकेना. शेवटी त्याने पेला ओठाला लावला, तसा तिने तो काढून घेतला. मला तुझे प्रेम पारखायचे होते, तुझे तोंड कडू करायचे नव्हते, असे ती म्हणाली. ही हकिकत 'मआसिर-उल-उमरा'सारख्या फारसी ग्रंथांत आली आहे. हीराबाई 'जैनाबादी' नावाने ओळखली गेली आणि तरुणपणीच वारली. ज्या जैनुद्दीन शिराझींच्या नावावरून जैनाबाद वसले, त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे.

आंब्यावरून तर बापलेकांत बेबनावही झाला. बुऱ्हाणपूरला शहाजहानचे एक आवडते झाड होते, 'बादशाह-पसंद'. त्याचे चांगले आंबे दिल्लीला पोहोचत नाहीत, अशी तक्रार शहाजहानने केली आणि औरंगजेबाला पत्रातून खुलासे करावे लागले. तख्ताच्या भांडणाआधीचे हे आंब्याचे भांडण आहे. आखाजीला आमरसावरून घरात रुसवेफुगवे होतात, त्या घरांना ते चटकन समजेल.

दुष्काळातला लंगर

पण बुऱ्हाणपूरच्या खाण्यावर लिहिताना एक वर्ष टाळता येत नाही. १६३० साली पाऊस गेला. गुजरात आणि दख्खन दोन-तीन वर्षे दुष्काळाने होरपळले. त्याच वेळी शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. इंग्रज व्यापारी पीटर मंडी सुरतेहून निघून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला आला. नंदुरबारला प्रेतांमुळे त्यांना लहानसा तंबू ठोकायलाही जागा मिळेना, असे त्याने लिहून ठेवले आहे. धान्य अजिबात नव्हते असेही नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी माळव्याकडून येणारे धान्य बादशाही फौजेकडे जात होते.

'बादशाहनामा' सांगतो की, बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेला लंगर उघडायला लावले. तिथे रोज आश आणि भाकरी शिजे. बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपूरला असेपर्यंत दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जात. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले.

या नोंदीकडे कसे पाहायचे? एक पक्ष म्हणेल, पाहा बादशहाची दयाळू वृत्ती. दुसरा म्हणेल, फौजेला धान्य आणि रयतेला आश. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. लंगर होता, त्याने काही जीव वाचले असतील. पण ज्या छावणीने लंगर उघडला, त्याच छावणीचे तोंड भरण्यासाठी गावांच्या वाट्याचे धान्य वळवले गेले. आपल्या बाजूच्या राजाचे दान तेवढे मोजायचे आणि फौजेची भूक सोडून द्यायची, हा इतिहास नव्हे. समोरच्या बाजूला आपण हेच सुनावतो, मग स्वतःलाही सुनावले पाहिजे.

१७ जून १६३१ रोजी याच शहरात मुमताज महल बाळंतपणात वारली. जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. पर्यटकांना हमामखाना दाखवतात, आहूखाना दाखवतात, मुमताजची गोष्ट सांगतात. त्याच दोन वर्षांत उपासमारीने मेलेल्या कोष्ट्यांची, मोमिनांची, शेतमजुरांची गोष्ट कोणी सांगत नाही. ताव्हर्निएने पुढे बुऱ्हाणपूरच्या तलम कापडाचे वर्णन केले. ते इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात होते. दुष्काळातून उरलेल्या हातांनी ते विणले होते. आजही शहरात मागांचा आवाज आहे, फक्त हातमागाच्या जागी यंत्रमाग आले.

खापर आणि उलटी कढई

आता मांडे. बुऱ्हाणपूरच्या बाजारात मुस्लिम कारागीर मैद्याचा गोळा हातावर फिरवत, उडवत, रुमालासारखा मोठा करतात आणि आगीवर उपड्या ठेवलेल्या कढईवर टाकतात. क्षणभरात मांडा तयार. लग्नाच्या पंगतीत कोरम्याबरोबर हेच असतात. शहरात सांगतात की, मोगल फौजेला झटपट मोठ्या रोट्या लागत, म्हणून मांडे निघाले. औरंगाबादच्या नान-कलियाबद्दलही तुघलकाच्या फौजेची अशीच गोष्ट सांगतात. आपल्याकडे प्रत्येक पदार्थाला एक फौज लागते. चुलीपुढे बसलेली बाई कोणाला आठवत नाही.

फौजेची गोष्ट ऐकायला छान आहे, पण मांडा मोगलांहून फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मंडक' येतो. आणि खानदेशातल्या घराघरांत आखाजीला पुरणाचे मांडे होतात. बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत नेते आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर सोडते. इकडे मातीचे खापर, तिकडे लोखंडी कढई. इकडे पुरण आणि आमरस, तिकडे कोरमा. हाताची कसब एकच.

जिलेबीचा प्रवास उलट दिशेने झाला. अरबीतली 'जलाबिया', फारसीतली 'जुलबिया' आपल्याकडे आली आणि इतकी मुरली की पंधराव्या शतकातल्या जैन ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. बुऱ्हाणपूरकरांनी तिच्यात मावा घातला, ती काळपट-तपकिरी आणि जाड झाली. आज रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्या नावानेच ती विकली जाते. रवा, साखर आणि तूप फेसून फेसून हलका केलेला दराबा मात्र अजून घर सोडून फार लांब गेलेला नाही. तो खायला बुऱ्हाणपूरलाच जावे लागते. म्हणजे जुना 'हिंदू' मांडा मुस्लिम कारागिराच्या हातात आहे आणि 'मुस्लिम' जिलेबी स्वातंत्र्यदिनी शाळाशाळांत वाटली जाते. कोणता पदार्थ कोणाचा, याचा हिशेब मांडायला बसले तर कोणाच्याच ताटात काही उरणार नाही.

हे सगळे आज सांगायचे कारण वेगळे आहे. अमुक लोकांच्या गाड्यावर खाऊ नका, त्यांच्याकडून भाजी घेऊ नका, अशा हाका अधूनमधून आपल्या गावांतही ऐकू येतात. 'त्यांच्या हातचे चालत नाही' हे वाक्य दुसऱ्या बाजूनेही मी ऐकले आहे. अशा वेळी मला मांड्यांचीच एक गोष्ट आठवते.

बुऱ्हाणपूरच्या वाटेवर, जळगाव जिल्ह्यातच, मुक्ताईनगर आहे. जुने नाव एदलाबाद, म्हणजे आदिलाबाद. जवळच्या मेहूणला मुक्ताबाई गुप्त झाल्या असे वारकरी मानतात. त्यांची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. आळंदीत भावंडांवर बहिष्कार होता. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, तर विसोबाने कुंभारांना ताकीद दिली की तिला खापर द्यायचे नाही. ती रडत परतली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाने आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. हे पाहणारा विसोबा शरमला आणि त्याने त्यांचे उष्टे घास खाल्ले.

चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण सातशे वर्षे सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत गावाने एका मुलीला नाकारले ते मांडे भाजण्याचे खापर होते आणि कथेत लाज वाटली ती नाकारणाऱ्याला.

तेव्हा बुऱ्हाणपूरला जरूर जा. सकाळी कुंडी भंडारा पाहा, जामा मशिदीतला संस्कृत लेख शोधा, दुपारी मांडे खा, निघताना दराबा बांधून घ्या. परतताना गाडी मुक्ताईनगरवरून आणा. दोन्ही ठिकाणांत फार अंतर नाही.